लग्नाची प्लेलिस्ट आणि आजीचा प्रश्न

मावसबहिणीचं लग्न ठरलं आणि आठवड्याच्या आत आमच्यात ‘म्युझिक कमिटी’ नावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघाला. सात भावंडं, एक शेअर केलेली शीट आणि तिच्यात रकाने: हळद, नवरीची एंट्री, वरमाला, जेवण, पाठवणी, वरात. प्रत्येक रकान्यात गाण्याची लिंक, किती सेकंदांपासून किती सेकंदांपर्यंत वाजवायचं आणि कुणी सुचवलं त्याचं नाव. वरातीच्या रकान्यात एकवीस गाणी जमली. हळदीच्या रकान्यावरून दोन भाऊ तीन दिवस बोलत नव्हते.

एका रविवारी आम्ही ही शीट आजीला वाचून दाखवली. आजी सासवडकडची, वय चौऱ्याऐंशी. तिनं सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “ते झालं रं. पण गाणी म्हणणार कोण?”

“कुणी म्हणायची गरज नाही आजी, स्पीकर आहेत.”

“मग लगीन कुणाचं म्हणायचं? स्पीकरचं?”

सगळे हसलो. पण रात्री शीट पुन्हा उघडली तेव्हा लक्षात आलं की आमच्याकडे ‘काय वाजवायचं’ हा रकाना होता, ‘केव्हा’ हा होता, ‘किती वेळ’ हाही होता. ‘कोण’ हा रकानाच नव्हता. आणि महाराष्ट्रातल्या लग्नाच्या संगीताचा इतिहास पाहायला गेलं तर तो जवळजवळ सगळा या एकाच रकान्याचा इतिहास आहे. लग्नात कुणी गायचं, कुणी वाजवायचं, कुणी ऐकायचं आणि वाजवणाऱ्यानं जेवायला कुठे बसायचं?

आद्य कवयित्री आणि लग्नाची गाणी

सुरुवात फार मागे जाते. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. राजानं काय खावं, कसं खेळावं, काय ऐकावं, असा सगळा संसार त्यात आहे. त्यात एक छोटी नोंद सापडते: महाराष्ट्रातल्या बायका कांडण करताना ओवी गातात. पुढच्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवानं ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यातल्या गीतप्रकारांच्या यादीत ‘ओवी’ आहे, ‘मंगल’ आहे आणि ‘धवल’ही आहे. धवल म्हणजे मंगलप्रसंगी गायचं गीत. मराठीत त्याचं झालं धवळा, अनेकवचन धवळे.

याच तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, आजच्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला एक विलक्षण लग्न निघालं. महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी, त्यांचे गुरू गोविंदप्रभू. लहान मुलासारखे वागणारे, लहरी, कधी काय मनात घेतील सांगता येत नसे. एकदा त्यांनी स्वतःच्या लग्नाचं मनात घेतलं. भक्तांनीही ती लीला मानून तयारी केली. लग्न म्हटल्यावर गाणी हवीत. ती गाणी महदाइसेनं, म्हणजे महदंबेनं रचली आणि म्हटली. विषय होता कृष्ण आणि रुक्मिणीचं लग्न.

महदंबेला आपण मराठीतली आद्य कवयित्री म्हणतो. शाळेच्या पुस्तकात ही ओळ आपण पाठ केलेली असते, पण तिचा अर्थ सहसा कुणी उलगडून सांगत नाही. आपल्या भाषेतल्या ज्या पहिल्या बाईचं काव्य तिच्या नावासह आपल्यापर्यंत पोचलं, त्या बाईनं लग्नाची गाणी रचली होती. ‘धवळे’ हे मराठीतल्या स्त्रीकाव्याचं पहिलं पान आहे आणि ते पान मांडवात लिहिलं गेलं.

हा शब्द पोथीतच राहिला असंही नाही. पालघर जिल्ह्यातल्या वारली समाजात लग्न लावणारी बाई असते, तिला धवलेरी म्हणतात. भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठानं चौक लिहितात, त्यात पालघट देवी बसते, आणि धवलेरी गात गात लग्न लावते. तिचं गाणं थांबलं तर लग्न थांबतं. एखाद्या इव्हेंट मॅनेजरला हे समजावून सांगणं अवघड आहे. इथे विधीला पार्श्वसंगीत नसतं, कारण गाणं हाच विधी असतो.

घाणा भरताना

देशावर आणि इतरत्रही लग्नघरातलं पहिलं संगीत वाजंत्र्यांचं नसायचं. मुहूर्तमेढ रोवली की घाणा भरायचा. जात्याला, मुसळांना आंब्याची पानं, हळकुंड, सुपारी बांधायची. पाच सवाशिणींनी हळद दळायची, मुसळ धरून कांडल्यासारखं करायचं आणि गाणी म्हणायची. सोमेश्वरानं आठ-नऊशे वर्षांपूर्वी टिपलेली ‘कांडताना ओवी’ आजही लग्नाच्या आदल्या दिवशी दहा मिनिटांपुरती जिवंत होते, ती अशी.

या गाण्यांना एक ठरलेला क्रम असायचा. आधी देवांना आमंत्रण: गणपतीला, कुलदैवताला, गावच्या मारुतीला, वेशीवरच्या म्हसोबाला. मग माणसांना. मामाला, आत्याला, थोरल्या भावाला. ज्याचं नाव ओवीत आलं तो मानाचा. आणि ज्याचं नाव आलं नाही त्यालाही ते बरोबर कळायचं. आम्ही शीटमध्ये ‘सजेस्टेड बाय’ लिहीत होतो, ओवी म्हणणारी बाई ‘कुणासाठी’ हे लिहीत होती.

मांडवात बायकांना बोलायला जागा फार नसे. हुंडा पुरुष ठरवायचे, तिथी भटजी काढायचे, पंगतीचा हिशेब दीर-जावई बघायचे. पण जात्यावर बसल्यावर काय म्हणायचं हे दुसरं कुणी ठरवत नसे. लेकीला दूर दिल्याचं दुःख, सासरच्या माणसांना मारलेले टोमणे, व्याह्यांची यथेच्छ थट्टा, हे सगळं त्या गाण्यांत चालायचं. एरवी जे बोललं असतं तर भांडण झालं असतं, ते ओवीत म्हटलं की सगळे हसून घ्यायचे.

मग गावोगाव विजेची नाहीतर डिझेलची पिठाची गिरणी आली. पहाटेचं दळण संपलं. हे चांगलंच झालं. रोज पहाटे उठून दळायचं म्हणजे काय हे आजीला विचारा, ती त्या कष्टांच्या आठवणीनं मुळीच गहिवरत नाही. पण दळणाबरोबर रोजचा रियाझही संपला. रोज म्हणणारीला लग्नात म्हणणं अवघड नव्हतं. वर्षातून एकदा म्हणणारीला शब्द आठवत नाहीत.

काही लोकांना हे वेळेवर कळलं. साने गुरुजींनी १९४०च्या सुमारास बायकांच्या ओव्या गोळा करून ‘स्त्री जीवन’ प्रसिद्ध केलं. पुढे हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगावच्या बायकांना सोबत घेऊन जात्यावरच्या ओव्या जमवल्या. तो आकडा एक लाखाच्या पुढे आहे आणि त्यांतल्या कितीतरी ओव्या ‘पारी’ या संकेतस्थळावर आज मोबाइलवर ऐकता येतात. आमच्या शीटमधली एकवीस गाणी त्यापुढे फारच किरकोळ होती.

मंगलाष्टक नावाचं घड्याळ

मंगलाष्टकं आपण सगळ्यांनी ऐकली आहेत. अक्षता मुठीत घामेजतात, आत्या माइक सोडत नाही आणि मागून कुणीतरी म्हणतं, “आवरा आता.” पण मंगलाष्टक इतकं लांबतं का, याला एक सरळ कारण आहे.

घड्याळं नव्हती तेव्हा मुहूर्त घटिकापात्रानं मोजत. तांब्याची वाटी, तिच्या तळाला बारीक छिद्र. ती पाण्याच्या भांड्यात सोडायची. भरून बुडाली की एक घटका झाली, म्हणजे चोवीस मिनिटं. वाटी बुडेपर्यंत अंतरपाट धरून दोघांना उभं करायचं आणि तोवरचा वेळ भरून काढायचा. त्यासाठी शार्दूलविक्रीडित हे वृत्त फार सोयीचं. एका चरणात एकोणीस अक्षरं, बाराव्या अक्षरावर विश्रांती. ठाय चालीत म्हणता येतं, लांबवता येतं, आणि मुहूर्त जवळ आला की आटपतंही घेता येतं. शेवटी ‘सावधान’ म्हटलं की अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात आणि बाहेरच्या वाजंत्र्यांना आरोळी जाते, “वाजवा रे वाजवा!” ती आरोळी म्हणजे त्या काळचं ‘क्यू’ देणं. आत काय चाललंय हे बाहेर बसलेल्या सनईवाल्याला दिसत नसे.

तो बाहेर का बसलेला असे, त्याकडे येतोच. आधी मंगलाष्टकात काय म्हणायचं यावरून झालेली एक मोठी गोष्ट.

२४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. तीन महिन्यांत, २५ डिसेंबर १८७३ला, सत्यशोधक पद्धतीचं पहिलं लग्न लागलं. भटजी नाही, संस्कृत मंत्र नाहीत. पण मंगलाष्टकं होती! फुल्यांनी ती काढून टाकली नाहीत, त्यांनी ती नव्यानं लिहिली. मराठीत, आणि वधू-वरांच्या तोंडी. १८८७ साली त्यांनी मंगलाष्टकांसह सर्व पूजाविधींचं पुस्तकच छापलं. त्यांच्या मंगलाष्टकांत नवरी नवऱ्याला विचारते की बायकांना स्वातंत्र्याचा अनुभवच नाही, तर त्यांना हक्क देण्याची शपथ घेशील का? आणि नवरा सगळ्यांसमोर तसं वचन देतो.

हे किती धारदार आहे ते पाहा. एरवी अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंचे दोघं गप्प उभे असतात आणि बाकी सगळं गाव त्यांच्यासाठी गात असतं. फुल्यांनी चाल ओळखीची ठेवली, प्रसंग तोच ठेवला, फक्त ‘कोण म्हणणार’ हा रकाना बदलला. त्यासाठी खटले लढावे लागले, बहिष्कार सोसावे लागले. प्लेलिस्टवरून कोर्टात जाण्याची आपल्याकडे जुनी परंपरा आहे.

मांडवाबाहेर बसलेला सूर

आता सनई. सनईचा ताफा लहानसा असतो. एक मुख्य सनई, दुसरी नुसता सूर धरणारी, तिला ‘सूर’ असंच म्हणतात. तालाला संबळ किंवा चौघडा. सूर धरणाऱ्याचं काम ऐकायला सोपं वाटतं, असतं भलतंच कठीण. त्याला थांबायची मुभा नसते. गालात हवा साठवून ती वाद्यात सोडत असतानाच नाकानं श्वास घ्यायचा, म्हणजे स्वर तुटत नाही. सकाळचा मुहूर्त असेल तर सकाळचे राग, गोरज मुहूर्त असेल तर संध्याकाळचे. आम्ही ‘मूड’ असा रकाना केला होता. सनईवाल्याचा मूड घड्याळ ठरवत असे.

हे वाजवणारे कोण? महाराष्ट्रात याचं एक उत्तर नाही. कुठे देवळाची पूजा करणारे गुरव, कुठे घडशी, कुठे न्हावी, आणि फार ठिकाणी मातंग. हलगी तर बहुतेक गावांत मातंगांचीच. मोबदला बलुत्यात मिळायचा, म्हणजे सुगीला धान्य. लग्नात वर शिधा, नारळ, जमलं तर शेला.

आणि इथेच ती गाठ आहे. या माणसांच्या वादनाशिवाय लग्न मंगल होत नसे. ‘वाजतगाजत’ या शब्दातलं वाजणं त्यांचं. पण ज्यांना गाव अस्पृश्य मानत असे, त्यांनी मांडवाबाहेर बसायचं, पंगती उठल्यावर जेवायचं, कधी उरलंसुरलं पदरात घेऊन जायचं. सूर आत चालायचा, सूर काढणारा नाही. त्याहून वाईट म्हणजे, दुसऱ्यांच्या वराती वाजवणाऱ्या या घरांनी स्वतःच्या मुलाची वरात वाजतगाजत, घोड्यावरून गावातून न्यायची म्हटली की त्याच गावाच्या भुवया चढायच्या. अशा बातम्या अजून येतात.

म्हणून आंबेडकरी चळवळीच्या काळात अनेक घरांनी गावकीचं वाजवणं सोडलं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, कला बुडाली. आतून बघणाऱ्याला ती सुटका होती. १४ ऑक्टोबर १९५६च्या धर्मांतरानंतर बौद्ध लग्नाचा नवा विधी घडला. पांढरे कपडे, त्रिशरण, पंचशील. आणि त्या मांडवांत रात्री नवं संगीत आलं, भीमगीतांचं. वामनदादा कर्डकांसारखे कवी-गायक आणि त्यांच्या मागून आलेल्या गायन पार्ट्या. इथे गाणारा मांडवाच्या मधोमध, मंचावर होता. रकाना पुन्हा बदलला.

सनईचाही प्रवास दुसऱ्या वाटेनं मंचाकडे झाला. पुण्याचे शंकरराव गायकवाड यांनी सनईवर रागसंगीत मांडलं, त्यांच्या तबकड्या निघाल्या. उत्तरेत बनारसचे बिस्मिल्ला खाँ. १९५९ साली ‘गूंज उठी शहनाई’ हा हिंदी चित्रपट आला, त्यात सनई बिस्मिल्ला खाँसाहेबांची आणि संगीत सिंधुदुर्गातल्या सोनवडच्या वसंत देसायांचं. दाराशी बसणारं वाद्य मैफलीत पोचलं, २००१मध्ये खाँसाहेबांना ‘भारतरत्न’ मिळालं. आणि त्याच काळात मंगल कार्यालयांच्या दारात सनईवाल्याची जागा सनईच्या कॅसेटनं घेतली. वाद्याला मान मिळाला आणि वाजवणाऱ्याची सुपारी गेली, असं एकदमच झालं.

पलटणीचा बँड, जपानचा बेंजो

बँडची गोष्ट पलटणींपासून सुरू होते. कंपनी सरकारच्या आणि नंतर राणीच्या फौजांबरोबर बिगूल, ट्रम्पेट, क्लॅरिनेट, ड्रम आले. बडोद्यासारख्या संस्थानांनी आपापले बँड बाळगले. तिथं शिकलेल्यांकडून ही वाद्यं शहरांतल्या गल्ल्यांत उतरली आणि वरातीच्या पुढे चालू लागली. बँडवाल्यांच्या गणवेशावरचे खांद्याचे झुबके, सोनेरी पट्टे, टोपीतला तुरा, हे सगळं त्या फौजी दिवसांचं उरलेलं आहे. नवरदेव एका दिवसाचा राजा, तर त्याच्यापुढे फौज हवीच.

बँडला शब्द नसतात. म्हणून बँडनं गाणी निवडायची कसोटी वेगळी ठेवली. लोकांना शब्द आधीच पाठ असतील अशीच गाणी. सिनेमाची तबकडी निघायची आणि चार दिवसांत बँडमास्तर ते गाणं बसवायचा. गंमत अशी की मुंबईच्या स्टुडिओंत त्या गाण्यांचा वाद्यमेळ लिहिणारे बरेचजण गोव्याचे होते. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा. पोर्तुगीज काळातल्या गोव्यात चर्चच्या शाळांत पोरांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवत. ती पोरं मोठी होऊन मुंबईला आली. त्यांच्या गावाकडच्या लग्नांत मांडो गायला जाई, आणि त्यांनी लिहिलेले ट्रम्पेटचे तुकडे कोल्हापूर-अकोल्याच्या वरातींत वाजत.

बेंजोची वाट आणखी लांबची. कोकणात आणि मुंबईच्या चाळींत ‘बेंजो पार्टी’शिवाय हळद होत नसे. हा बेंजो अमेरिकेतला नव्हे. १९१२ साली जपानमधल्या नागोया शहरात गोरो मोरिता यानं टाइपरायटरसारख्या कळा लावून एक तंतुवाद्य बनवलं, ताईशोगोतो. ते आपल्याकडे येऊन बुलबुल तरंग झालं, मग त्याला वीज जोडली आणि बेंजो झाला. आगरी-कोळी हळदीत मध्यरात्री जे वाजतं ते अस्सल आपलंच वाटतं, आणि आता ते आहेही. कुठलीही परंपरा कधीतरी पाहुणी म्हणूनच घरात आलेली असते.

बँड आणि बेंजो या दोघांचं वर्ष पंचांगावर चालतं. तुळशीचं लग्न लागलं की हंगाम सुरू, आषाढात चातुर्मास लागला की बंद. मध्ये गणपती. उरलेले महिने शेती, रंगकाम, रिक्षा, काहीही. मुहूर्त सगळ्यांचे एकाच दिवशी येतात, म्हणून एका दिवसात चार सुपाऱ्या आणि मग पंधरा दिवस शुकशुकाट. ‘बँड वाजणे’ हा वाक्प्रचार आपण दुर्दशेसाठी वापरतो. तो बँडवाल्यांनाच जास्त लागू पडतो.

मोठा आवाज आणि बारीक अक्षरं

आता डीजे. आवाज किती, हा प्रश्न कायद्यात गेला. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. २००५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही रात्रीची बंदी उचलून धरली. ५५ डेसिबल म्हणजे साधारण दोन माणसांच्या बोलण्याइतका आवाज. डीजेची भिंत लावणाऱ्या कुणालाही हा आकडा सांगून पाहा.

गाणं कुणाचं, हा प्रश्नही कायद्यात गेला. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात एक सवलत आहे. धार्मिक विधीत गाणं वाजवलं तर हक्कभंग होत नाही, आणि त्या विधीत लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले इतर समारंभही धरले आहेत. तरीही हॉटेलांकडे, हॉलवाल्यांकडे परवान्याचे पैसे मागितले जातात आणि वाद होतात. २०२३मध्ये केंद्र सरकारनं ही सवलत आठवण करून देणारी सूचना काढली. गोवा सरकारनं तसंच परिपत्रक काढलं, ते २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं रद्द केलं. वादाचा गाभा मला फार ओळखीचा वाटला. लग्नातलं गाणं हा विधीचा भाग आहे की करमणूक? धवलेरीला हा प्रश्न कुणी विचारला असता तर तिला तो कळलाच नसता.

आणि गाण्यात काय आहे, याचं काय? २०१६मध्ये नागराज मंजुळेंचा ‘सैराट’ आला. अजय-अतुलनी त्याच्या संगीताचा काही भाग अमेरिकेत, हॉलिवूडच्या स्टुडिओत मोठा वाद्यवृंद घेऊन ध्वनिमुद्रित केला. त्यातलं ‘झिंगाट’ तेव्हापासून जवळजवळ प्रत्येक वरातीत वाजतं. ज्या सिनेमात जातीबाहेर लग्न केलं म्हणून दोन पोरांचा खून होतो, त्याच सिनेमाचं गाणं जात पाहून जुळवलेल्या लग्नांपुढे वाजतं आणि आपण सगळे बेभान नाचतो. मीही नाचलोय. गाण्याचा दोष नाही. पण कधीतरी श्वास घ्यायला बाजूला थांबलं की हे आठवतं.

शेवटचा रकाना

तर आम्ही शीटमध्ये ‘कोण’ हा रकाना घातला. घातल्यावर निम्मी शीट बदलली.

हळदीला आजी आणि तिच्या दोन चुलतजावा. जातं शेजारच्या वाड्यात सापडलं. त्याच्यावर तुळशीची कुंडी ठेवली होती, ती उतरवून धुवून आणलं. आजीनं देवांची आमंत्रणं सुरू केली आणि पाचव्या देवापाशी अडली. शब्दच आठवेनात. दोन्ही जावांनाही नाही. मग बहिणीनं गावाकडच्या एका म्हाताऱ्या आत्याला व्हिडिओ कॉल लावला. तिकडून ती म्हणायची, इकडे या तिघी उचलायच्या. आवाज अर्धा सेकंद मागे पडत होता, त्यामुळे सगळं जरा विस्कटलंच. शेवटी नवरीच्या मैत्रिणींची नावं गुंफून आजीनं दोन ओव्या जागच्या जागी रचल्या, त्यातली एक बंगळूरूची तमिळ मुलगी होती. तिला काही कळलं नाही, पण आपलं नाव आलं एवढं कळलं आणि ती रडायला लागली.

मंगलाष्टकांत एक नवरा-नवरीनं स्वतः लिहून म्हटलं. वृत्त दोन ठिकाणी मोडलं. भटजी हसले, पण थांबले.

सनईचा ताफा तीन माणसांचा, बारामतीकडून आला. फोनवर दर ठरवायच्या आधी म्होरक्यानं पहिला प्रश्न विचारला होता, “मुहूर्त किती वाजताचा?” साडेअकरा म्हटल्यावर तो स्वतःशीच काहीतरी गुणगुणला आणि मग पैशाचं बोलला. लग्नात मावशीनं त्या तिघांना हॉलच्या आत, मंचाच्या डाव्या हाताला बसवलं आणि पहिल्या पंगतीत जेवायला घेतलं. एका नातेवाइकानं, “त्यांचं नंतर बघू की,” असं म्हणून पाहिलं. मावशीनं ऐकलं नाही असं दाखवलं आणि पानं वाढायला सांगितली. सूर धरणारा तिघांत वयानं मोठा होता. जेवताना तो म्हणाला, चाळीस वर्षं वाजवतोय, अंतरपाट दूर होताना प्रत्यक्ष फार थोड्या वेळा पाहिलाय.

वरातीला डीजे होताच. एकवीसपैकी नऊ गाणी झाली, दहा वाजले आणि बंद केला. भाऊ अजून थोडे रागावलेले आहेत.

हळदीचं सगळं रेकॉर्डिंग माझ्या फोनमध्ये आहे, अकरा मिनिटांचं. मध्ये जात्याची घरघर, कॉल तुटल्याचा आवाज, कुणाचं तरी हसणं. पाचव्या देवापुढचे शब्द लिहून घ्यायला पुढच्या महिन्यात आत्याकडे जायचंय. आजी म्हणते, लवकर जा.